लग्न लारनाकात, वरात बैरुतात

लेबनॉन गहू बाहेरून आणतो, इंधन बाहेरून आणतो, औषधंही बाहेरून आणतो. आयातीच्या या यादीत अर्थतज्ज्ञ एक जिन्नस मोजायला विसरतात: लग्न. या देशात मौलवी किंवा पाद्री मध्ये न आणता सरकारी कचेरीत दोन सह्या करून संसार थाटण्याची सोय नाही. मात्र तेच लग्न समुद्रापलीकडे सायप्रसला जाऊन लावून आणलं, की तेच सरकार ते मुकाट्याने वहीत चढवतं. विमानाला तिथलं लारनाका गाठायला तासभरही लागत नाही. बैरुतचे ट्रॅव्हल एजंट याची पॅकेजं विकतात: तिकीट, हॉटेल, नगरपालिकेचे कागद, वर फुलांचा गुच्छ. आपल्याकडे वऱ्हाड लंडनला निघालं ते रंगभूमीवर. तिथे सायप्रसला खरंच निघतं, फक्त वऱ्हाडी बहुधा घरीच राहतात आणि नवरा-नवरी तेवढी उडतात. नोंदणी लग्न सरकारला चालतं, पण ते आपल्या अंगणात लागलेलं चालत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

हे भांडं लपवायला शिकवलं कोणी? फ्रेंचांनी. स्वतःच्या देशात 1792 पासून नगरपालिकेतलं लग्न सक्तीचं करणाऱ्या फ्रान्सने लेबनॉनवर अंमल असताना 1936 मध्ये हुकूम क्रमांक 60 काढला आणि लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा हे सगळं धर्मपंथांच्या पदरात टाकलं. पोर्तुगीज कितीही वाईट असले, तरी जाताना गोव्यात नागरी कायदा ठेवून गेले. फ्रेंच धर्मनिरपेक्षतेची पेटी परत घेऊन गेले. आज लेबनॉनमध्ये मान्यताप्राप्त पंथ 18 आणि वैयक्तिक कायदे 15. लग्नाचं किमान वय प्रत्येक पंथाचं वेगळं, सर्वांना लागू होणारं एकही नाही. कॅथलिकांना घटस्फोट नाही, फार तर लग्न मुळात झालंच नव्हतं असं चर्चकडून ठरवून घ्यायचं. आईची माया शिया जाफरी न्यायालयाच्या लेखी मुलाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत आणि मुलीच्या सातव्या वर्षापर्यंत पुरते, मग ताबा बापाकडे; सुन्नींनी ती 2011 मध्ये बारा वर्षांपर्यंत वाढवून दिली. त्यामुळे धर्म बदलणं हा तिथे अनेकदा साक्षात्काराचा नव्हे, वकिलाच्या सल्ल्याचा भाग असतो. घटस्फोट हवा म्हणून कोणी पंथ बदलतो, तर फक्त मुलीच असलेला सुन्नी बाप इस्टेट भावांकडे जाऊ नये म्हणून कागदोपत्री शिया होतो. नदीन लबाकी यांच्या 2011 च्या ‘आता कुठे जायचं?’ या अर्थाच्या नावाच्या चित्रपटात गावातल्या बायका मारामारी थांबवण्यासाठी एका रात्रीत एकमेकींचे धर्म घेतात. परदेशी प्रेक्षकांना ती कल्पनेची भरारी वाटली असेल. लेबनॉनच्या नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला ते नेहमीचं काम वाटलं असणार.

या देशाला लग्नाचं वावडं आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. ढोल-तलवारींची जफ्फा, दबकेचा फेर, बायकांच्या जिभेवरून सुटणारे झलगूता, असा थाट की आपला बँडबाजा लाजावा. एली साब हे बैरुतचे शिंपी (त्यांना डिझायनर म्हणायची पद्धत आहे) जगभरच्या नवऱ्यामुलींना सजवतात. ऑक्टोबर 2012 मध्ये लक्झेंबर्गच्या युवराजाच्या वधूने त्यांचाच पोशाख घातला. त्या जोडप्याने चर्चमध्ये जाण्याच्या आदल्या दिवशी नगरपालिकेत रीतसर नागरी लग्न केलं होतं. म्हणजे लेबनॉन लग्नाचा पोशाख निर्यात करतो आणि लग्न आयात करतो. त्या पोशाखाखाली काय काय झाकता येतं, तेही तिथल्या बायकांनी दाखवून दिलं आहे. बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केलं तर त्याला सोडणारं कलम 522 तिथल्या दंडसंहितेत होतं. एप्रिल 2017 मध्ये बैरुतच्या समुद्रकिनारी त्याविरुद्ध 31 पांढरे पोशाख फासावर लटकवले गेले, आणि ऑगस्टमध्ये संसदेने ते कलम रद्द केलं.

आता नागरी लग्नाची सोय देशातच करा म्हटलं, की पहिला आक्षेप जाणत्यांचा येतो: पंधरा वर्षं यादवीत होरपळलेला हा देश; प्रत्येक पंथाला त्याचं घर सांभाळू द्या, उगाच मोहोळ उठवू नका. आक्षेप वजनदार आहे, पण तो लागू पडतो सक्तीला. 1998 मध्ये राष्ट्राध्यक्ष इलियास हरावी यांनी आणलेलं विधेयक ऐच्छिक नागरी विवाहाचं होतं. ज्याला हवं त्याने करावं, बाकीच्यांनी आपापल्या वेदीसमोर उभं राहावं. मंत्रिमंडळाने ते बहुमताने मंजूर केलं. पंतप्रधान रफिक हरीरी यांनी ते संसदेकडे जाऊच दिलं नाही. पुढे खुलूद सुकरिया आणि निदाल दरवीश या जोडप्याने सरकारी नोंदीतला आपला पंथ खोडून घेतला, त्याच 1936 च्या हुकमाचा आधार घेतला आणि मायदेशातच नागरी लग्न केलं. तेव्हा प्रमुख मुफ्तींनी जाहीर केलं, की नागरी विवाहाला संमती देणारा मुसलमान लोकप्रतिनिधी धर्मभ्रष्ट समजावा आणि त्याला मुसलमानांच्या दफनभूमीत जागा मिळू नये. ऐच्छिक लग्नाला इतकं सक्तीचं उत्तर! तरी एप्रिल 2013 मध्ये गृहमंत्र्यांनी ते लग्न नोंदवलं आणि लेबनॉन काही बुडाला नाही. तो बुडाला 2019 नंतर, बँकांमुळे. खरी भीती यादवीची नाही, मोजदादीची आहे. 1932 नंतर ज्या देशाने जनगणनाच केली नाही आणि संसदेच्या 128 जागा पंथांत वाटल्या, तिथे कोणाचेच नसलेले नागरिक वाढू लागले तर वाटेकऱ्यांचा हिशेब चुकतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: सायप्रस जवळ आहे की, मग बिघडलं कुठे? बिघडलं इथे, की ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे त्यालाच ही मोकळीक, आणि चलन मातीमोल होऊन ठेवी बँकेत अडकल्यावर असे खिसे किती उरले? काहींनी अमेरिकेतल्या युटाकडून संगणकाच्या पडद्यावर लग्न लावून घेतलं, ते उगाच नाही. शिवाय नवरा-बायको दोघंही मुसलमान असतील, तर परतल्यावर त्यांचं भांडण शरियत न्यायालयातच जातं. सायप्रसचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला कामी येतं. इतरांच्या बाबतीत बैरुतचा न्यायाधीश सायप्रसचा कायदा उघडून लेबनॉनी नवराबायकोला काडीमोड देतो. म्हणजे नागरी कायदा वापरायला त्याची हरकत नाही, तो परक्याचा असला की झालं. (तीस दिवस कचेरीच्या फलकावर नोटीस टांगून गावभर बोभाटा करणाऱ्या आपल्या 1954 च्या विशेष विवाह कायद्याकडे बघून आपणही फार हसू नये.)

लारनाकाला आणखी एका देशाची जोडपी रांग लावतात. इस्रायलमध्येही लग्न धर्मगुरूंच्याच हाती आहे, त्यामुळे तिथलेही प्रेमिक सायप्रसलाच येतात. दोन शत्रुराष्ट्रं नागरी विवाहासाठी एकाच बेटावर विसंबून आहेत. मात्र 1955 च्या बहिष्कार कायद्यानुसार लेबनॉनी माणसाने इस्रायलीशी व्यवहार ठेवणं गुन्हा आहे, त्यामुळे नगरपालिकेच्या दारात शेजारच्या नवरीला शुभेच्छा देण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.