कळमीमांसा: अंगठ्याखालच्या एका वादाचे पंचांगी विवेचन

मीमांसकांच्या अधिकरणाला पाच अंगे असतात. वेदवाक्यांसाठी सिद्ध झालेली ही पद्धत कूपर्टिनो क्षेत्री, पहिला आयफोन घडत असताना, अ‍ॅपलच्या बंद दारांआड झालेल्या वादाला लावून पाहणे, एवढाच या प्रबंधाचा नम्र हेतू.

विषय. फोनवर अक्षर उमटवायचे कशाने?

संशय. आयपॉडची गोल चकती हाताशी होतीच. टोनी फडेल यांच्या चमूने तीच फोनला लावून पाहिली. हजार गाण्यांतून एक शोधायला चकती उत्तम. पण तिने नंबर लावणे म्हणजे जुन्या काळ्या फोनची तबकडी पुन्हा फिरवत बसणे. चक्रमार्ग खुंटला आणि काचेवर बोट टेकवण्याचा मार्ग उरला. मग कळांचे काय?

पूर्वपक्ष. कळा खऱ्याच हव्यात. बोटाला उंचवटा लागतो, हे प्रत्यक्ष प्रमाण; कळांचा ब्लॅकबेरी फोन धडाक्यात खपतो, हे त्याहून प्रत्यक्ष. फडेल यांच्या साक्षीनुसार या पक्षाचे कडवे पाठीराखे म्हणजे कंपनीचे तेव्हाचे विपणनप्रमुख फिल शिलर. शिलर यांनी मात्र हे जाहीरपणे नाकारले आहे. म्हणजे पूर्वपक्ष शाबूत, पूर्वपक्षी बेपत्ता! हरलेल्या मताला वाली नसतो, हा सिद्धान्त येथे आयताच हाती लागतो.

उत्तरपक्ष. कळा काचेवर केवळ दिसाव्यात. पण दिसणाऱ्या कळा इतक्या बारीक आणि अंगठा इतका जाड, की शब्दाचा पार चुथडा होई. २००५ मध्ये अभियंत्यांना हातातली कामे बाजूला ठेवून कळफलकालाच जुंपण्यात आले. त्या चढाओढीत केन कोसिएंडा यांची युक्ती सरस ठरली: एका ऐसपैस कळेवर अनेक अक्षरे, आणि त्यांतले कोणते अभिप्रेत आहे हे शब्दकोशाने ठरवायचे. पुढे ही अक्षरांची खिचडी डोळ्यांना सोसेना, म्हणून एका कळेवर एकच अक्षर परत आले; शब्दकोश मात्र मुक्कामाला राहिला. शिवाय गुप्त योजना अशी, की ‘टी’ आणि ‘एच’ उमटले की ‘ई’चे स्पर्शक्षेत्र न दिसता फुगते. कळ डोळ्याला तेवढीच, बोटाला मोठी. मायावादाला याहून स्वस्त उदाहरण मिळणे नाही.

निर्णय. २९ जून २००७ रोजी फोन विक्रीस आला आणि वाद मिटला, असे इतिहासकार मानतात. आम्हांस ते मान्य नाही. कळा हव्यात की नकोत, हे ठरले. पण लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते कोणी सांगायचे, अंगठ्याने की कोशाने, हे ठरलेच नाही. तो वाद कंपनीने फोनबरोबर गिऱ्हाइकाच्या खिशात घातला. रोमन लिपीत मराठी लिहू पाहणाऱ्या कोणाही आत्याबाईंना विचारा: प्रत्येक शब्दाला इंग्रजी वळण लावणाऱ्या त्या कोशाशी त्या रोज भांडतात, आणि पूर्वपक्ष सोडायला अजूनही तयार नाहीत.