सगळेच उपग्रह एकमताने खोटं बोलले तर?

नोव्हेंबर 2025. दिल्लीच्या धावपट्टी 10 कडे जीपीएसच्या भरवशावर येणाऱ्या काही विमानांना पत्ताच खोटा मिळाला. बनावट सिग्नल, म्हणजे स्पूफिंग. सरकारने संसदेत ते मान्यही केलं.

बाकीच्या धावपट्ट्यांवर काहीच बिघडलं नाही. तिथे जमिनीवरची जुनी यंत्रणा चालू होती. धावपट्टी 10 वरची? ती सुधारणेसाठी बंद होती!

जीपीएसचे उपग्रह 20 हजार किलोमीटर उंचावर. सिग्नल खाली पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की तो दाबायला शत्रुराष्ट्र लागत नाही.

ट्रकवाला पुरतो.

अमेरिकेत नेवार्कला पुरला. मालकाला ठावठिकाणा कळू नये म्हणून एकाने गाडीत जॅमर लावला आणि 2012 मध्ये विमानतळावरची, विमानं उतरवण्यासाठीची उपग्रहाधारित यंत्रणा त्याने गडबडली. दंड सुमारे 32 हजार डॉलर. आणि ठावठिकाणा? तो सरकारदरबारीच नोंदला गेला.

एस्टोनियातल्या टार्टूला तर उतरायला जीपीएसशिवाय सोयच नव्हती. एप्रिल 2024 मध्ये फिनएअरची दोन विमानं न उतरताच हेलसिंकीला परतली. मग महिनाभर सेवा बंद. सुरू कधी झाली? जीपीएस न लागणारी पद्धत आखल्यावर.

‘आपलं गगन आहे ना, जीपीएसला जोड देणारी भारतीय यंत्रणा?’ आहे, आणि चांगलं आहे. 2022 मध्ये किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान त्याच्या आधाराने उतरलं. आपल्याकडचं आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, भलतंच लहरी. त्यातून येणाऱ्या चुका ‘गगन’ दुरुस्त करतं.

पण प्रामाणिक चुका. लबाडी नव्हे.

चार उपग्रह जागा सांगतात. पाचवा दिसत असेल, तर कुणीतरी चुकतंय एवढं यंत्राला कळतं. सगळ्यांचीच नक्कल करून एकसुरात खोटं सांगितलं तर? यंत्र खूश. एकमत झालं!

नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर-जम्मूकडे, जीपीएसमध्ये ढवळाढवळीच्या 465 घटना. हा आकडाही सरकारचाच.

आयएलएस, म्हणजे जमिनीवरची ती जुनी यंत्रणा, महाग, कबूल. धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला वेगळी बसवायची, वर कायमची देखभाल. छोट्या विमानतळाला कुठून परवडणार? तिथे उपग्रह हवाच. पण दिल्लीसारख्या ठिकाणी आयएलएस दुरुस्तीला काढायची असेल, तर निदान बनावट सिग्नल हुडकणारी माणसं आदल्या दिवशी कामाला लावा. चौकशी समिती काय, नंतरही नेमता येते.