न भिजलेलं घोंगडं

सीमाभागात जन्मलेल्या माणसाला 'भिजत घोंगडं' म्हणजे काय ते शाळेत शिकवावं लागत नाही. १९५६ साली आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि एवढ्या वर्षांत आमच्या दोन पिढ्या त्या घोंगड्याला पीळ बसायची वाट बघत गेल्या. खरं (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात), गेल्या नवरात्राच्या तोंडावर आमच्या घरात त्याहून बिकट प्रसंग आला. घोंगडं भिजेचना.

घटस्थापनेच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही आमच्यात रीत. त्याच धास्तीनं चतुर्थीला मी वरून झाकण उघडणारी, आपोआप चालणारी वॉशिंग मशीन घेतली. आज्जीनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "करंटवर चालती व्हय? मग पाणी कोण घालणार?"

आम्ही सगळे हसलो. तेव्हा.

मशीन न्हाणीत बसवली. आज्जीचं घोंगडं आत टाकलं, बटण दाबलं. आतून 'खट्' असा भारदस्त आवाज आला आणि मग सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखी एक धार गळायला लागली. झाकण काचेचं, त्यामुळं सगळं घर वाकून बघत होतं. चहा झाला. पोहे झाले. घोंगड्याचा एक कोपरा जेमतेम ओला झाला. शेवटी मशीन पीं पीं करून थांबली आणि तिच्या कपाळावर दोन इंग्रजी अक्षरं उमटली. पुस्तिकेत त्यांचा अर्थ दिला होता : पाणी येत नाही.

"येतंय की गं!" बायको मशीनला म्हणाली. ठरलेल्या वेळात पाणी ठरलेल्या रेघेपर्यंत चढलं नाही तर ही बया रुसते, हे नंतर कळलं. आमच्या नंदगडात वाढली असती तर पाण्याची वाट बघायची सवय झाली असती.

मदतकेंद्राला फोन लावला. कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. सीमाप्रश्न असा अंगठ्याखाली येईल असं वाटलं नव्हतं. मी स्वाभिमानानं काहीच दाबलं नाही, तर फोन कट झाला. मग कोल्हापूरच्या मेहुणीला तिथनं फोन करायला लावला. तिला शुद्ध मराठीत उत्तर मिळालं, "नळ पूर्ण उघडला आहे का?" हाच प्रश्न मला कन्नडमध्येही विचारला असता, म्हणजे अपमान दोन्ही राज्यांत सारखाच.

चार दिवसांनी बेळगावहून मेकॅनिक निघाला. खानापूर ओलांडल्यावर त्यानं वाट विचारायला फोन केला. "सर, नंदगड म्हणजे रायण्णाला फाशी दिलं तेच न्हवं?" मी म्हटलं, तेच. २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला इथंच फासावर चढवलं. समाधीवरच्या वडाला लोक अजून नवस बोलतात. "मग तुमी बी मशीनीसाठी एक बोलून ठेवा," तो म्हणाला, आणि तिथंच मला माणूस जाणकार वाटला.

आल्या आल्या त्यानं पाइपला कुठं मुरड पडलीय का बघितलं. पडली नव्हती. मग मशीनच्या पाठीमागं पाइप जोडतात तिथनं पक्कडीनं बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी ओढून काढली. तिच्यात सबंध खानापूर तालुका होता. पावसाळ्यात टाकीत उतरणारा तांबडा गाळ, गंजाचे पापुद्रे आणि एक मुंगळा. त्यानं माझा दात घासायचा ब्रश मागितला (जुना मागितला होता, बायकोनं चालू दिला) आणि जाळी लख्ख केली. बटण दाबलं. धार करंगळीएवढी झाली.

"ही जाळीच काढून टाकू या की," मी सुचवलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी लग्नात अंतरपाटच नको म्हणालो होतो. जाळी नसली तर गाळ थेट आतल्या व्हॉल्व्हात जातो, आणि मग तो नीट मिटतच नाही. बंद मशीनमध्येही पाणी गळत राहतं.

मग त्यानं पाइप मशीनपासून सोडवून बादलीत धरायला लावला. पंधरा लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागली. "फोर्स न्हाई ओ," तो म्हणाला. त्या व्हॉल्व्हाची गंमत अशी की, वीज फक्त एक बारीक भोक उघडते. पुढचा रबरी पडदा पाण्यानं स्वतःच्या जोरावर उचलायचा. पाण्यातच दम नसला तर पडदा अर्धवट उचलून 'या, या' म्हणतो, खरं आत कोणाला घेत नाही. आमच्या काही पाहुण्यांकडं असंच स्वागत होतं.

आणि दम येणार कुठून? आमचं घर कौलारू. कौलांवर टाकी ठेवता येत नाही, म्हणून ती न्हाणीच्याच बुटक्या स्लॅबवर बसलेली. मेकॅनिकनं टेप लावला. टाकीच्या बुडापासून मशीनच्या तोंडापर्यंत साडेचार फूट. पुस्तिकेत लिहिलेलं, किमान ०.३ बार दाब हवा. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे आम्हाला तीन मीटर, दहा फूट हवेत. साडेपाच फूट कमी. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, आणि मशीन घेताना दुकानात फक्त रंग बघितला.

"प्रेशरचा पंप बसवा," मेकॅनिक म्हणाला. आज्जीनं विचारलं, "तो कशावर चालतो?" करंटवर. आज्जी नुसती हसली. लोखंडी स्टँडवर टाकी उंच चढवायची म्हटलं, तर वडिलांना वाऱ्याची काळजी. शेवटी मेकॅनिकनं हात झटकले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," आणि पैसे घेऊन गेला.

अ‍ॅडजस्ट म्हणजे बायको आणि मी कळशीनं झाकणातून पाणी ओतायला लागलो. मशीनला पाण्याची पातळी तेवढी कळते. ते नळाचं की कळशीचं, याच्याशी तिला देणं-घेणं नाही. दोन दिवसांत माझी पाठ गेली. आज्जी चौकटीत बसून मोजत होती. "सतरा. माझं माहेर खानापूरचं. मलप्रभेत घोंगडं सोडलं की पाणी आपनहून यायचं त्येच्याकडं."

तिचं हे वाक्य डोक्यात बसलं. पाणी वर चढत नसेल तर मशीन खाली उतरवावी. परसात जायला पाच पायऱ्या, म्हणजे तीन फूट. गवंड्यानं टाकीखाली चिऱ्यांचे चार थर चढवले, ते अडीच फूट. साडेचार, तीन आणि अडीच, बरोबर दहा. मशीन परसात आज्जीच्या धुण्याच्या दगडाशेजारी गेली, वर पत्र्याची पडवी काढली.

बटण दाबलं. खट्. आणि पाणी असं कोसळलं की आज्जीनं हातातला रिठा खाली ठेवला. बारा मिनिटांत घोंगडं बुडालं. घुसळून झालं. मग पिळायची वेळ आली. पाणी प्यायलेलं घोंगडं गोळा होऊन एका बाजूला बसलं होतं, आणि मशीन आधी हलली, मग डुलली, आणि मग धाड धाड करत, पाइप ताणत, पडवीतून बाहेर पडून कुंपणाच्या दिशेनं एकेक पाऊल टाकायला लागली.

"अगं, कुठं निघालीस?" बायको ओरडली.

"जाऊ दे तिला," आज्जी दगडावरनं म्हणाली. "नदीला निघालीया."