बिनविरोध वाळवी

प्रचारसभांमध्ये ‘भ्रष्टाचाराची वाळवी’ हे शब्द ज्या सढळपणे वापरले जातात, ते पाहता वाळवीने अब्रुनुकसानीचा दावा लावला तर तिला वकील फुकट मिळेल. वाळवी टक्केवारी घेत नाही, टेंडर फोडत नाही आणि जे खाते ते एकटी खात नाही. आपल्या पोटातला घास दुसरीच्या तोंडात भरवते. पनवेलमध्ये जमीन सिडकोची, रस्ता महापालिकेचा, इमारत सोसायटीची आणि गळती कुणाचीच नाही, अशी वाटणी झालेली असताना सगळ्यांच्या हद्दीत सारख्याच निष्ठेने राबणारी ही एकच यंत्रणा. १ ऑक्टोबर २०१६ला पनवेल ही रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका झाली, तेव्हा हद्दीत कोणती गावं घ्यायची यावर बराच खल झाला होता. वाळवीने ती सगळी गावं त्याआधीच विनातक्रार सामावून घेतलेली होती.

तिचा वार्षिक सोहळा जूनमध्ये असतो. पहिल्या सरीनंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो. आपण दिवे मालवतो, सकाळी पंखांचा केर सुपलीत भरतो आणि ‘पावसाळी किडे’ म्हणून विषय संपवतो. ही वाळवीची उपवर पिढी. जोडी जमली की पंख झाडून टाकायचे आणि जमिनीत शिरून संसार थाटायचा, एवढाच कार्यक्रम. केरातले पंख एकदा नीट पाहावेत: चारही एकाच लांबीचे असतील तर वाळवी, पुढचे मोठे आणि मागचे आखूड असतील तर मुंगी. (वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याची जुनी रीत आहे, पण तिचं खरं नातं मुंगीशी नाही, झुरळाशी आहे. सोयरिकीत हे आधी सांगत नाहीत.) किडे खिडकीतून दिव्यावर आले असतील तर एकवेळ सोडून द्या. पण घरातल्याच चौकटीच्या फटीतून बाहेर पडत असतील, तर वऱ्हाड तुमच्याच दारातून निघालंय असं समजावं.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय आला तो तळमजल्यावरच्या काकांमुळे. काकांनी बेडरूमच्या चौकटीवर सहज अंगठा टेकवला आणि तो आत गेला. वरचा ऑइलपेंट शाबूत, अगदी चकचकीत. पण उरलेला होता तो फक्त रंगाचा पापुद्रा. आत मातीचे पदर आणि त्यांत उजेडाने बिथरलेले दुधी रंगाचे किडे. देवाच्या कॅलेंडरमागून शिसपेन्सिलीएवढी जाड मातीची नळी छताकडे गेली होती. उघड्यावर या किड्यांचं अंग वाळतं, म्हणून ते असे झाकलेले रस्ते बांधतात. नळी जरा फोडून ठेवावी. दोन-चार दिवसांत ती बुजली, तर आत वस्ती आहे. रस्त्यावरचा खड्डा इतक्या वेळात, तोही न सांगता बुजवणारं पनवेलमध्ये दुसरं कुणी नाही.

काकांचं म्हणणं साधं होतं, की इमारतीभोवतीच्या मातीत सोसायटीने औषध मारून घ्यावं. सेक्रेटरींनी उपविधी उघडले. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाची.

“अहो, पण ती मातीतून आली. माती सामाईक आहे ना?” काका म्हणाले.

“माती अजून आपल्या नावावर कुठे झालीय? कन्व्हेयन्स बाकी आहे.”

चौथ्या मजल्यावरचे सभासद उठून म्हणाले की आमच्याकडे वाळवी नाही, तेव्हा वर्गणीचा प्रश्नच येत नाही. कुणीतरी बिल्डरचं नाव काढलं. इमारतीच्या पुस्तिकेत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि मॉड्युलर किचन यांच्या मधोमध ‘अँटी-टर्माइट ट्रीटमेंट’ हे शब्द छापलेले होतेच. रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर ताबा दिल्यापासून ५ वर्षं असते. आमची वाळवी कायदा जाणणारी निघाली, ती सहाव्या वर्षी आली.

मग ज्ञानवाटप सुरू झालं. रॉकेल ओता, हिंगाचं पाणी शिंपडा, कडुनिंबाचं तेल लावा, डांबराच्या गोळ्या ठेवा. या उपायांनी समोर दिसतील तेवढ्या वाळव्या मरतात, हे खरं आहे. पण समोर दिसतात त्या मजूर. राणी जमिनीखाली वर्षानुवर्षं दिवसाला हजारांच्या हिशेबात अंडी घालत असते आणि तिला आपल्या हिंगाचा वासही पोचत नाही. झुरळांचा स्प्रे नळीवर मारला की वाळवी तो रस्ता सोडते आणि दुसऱ्या भिंतीतून येते. आपल्याला मात्र महिनाभर विजयी वाटतं.

खरा इलाज कंटाळवाणा आहे आणि तो भारतीय मानक ६३१३ मध्ये लिहून ठेवलाय. इमारत उभी असेल तर भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या रेषेवर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, ३०० मिलिमीटरच्या अंतराने, आणि खालच्या मातीत दर भोकाला साधारण लिटरभर औषध मुरवायचं. बाहेरून पायाच्या कडेनेही तेच. क्लोरपायरिफॉस २० टक्क्यांचं असेल तर एका भागाला १९ भाग पाणी. इमिडाक्लोप्रिडची गंमत वेगळी. त्याचा वाळवीला सुगावा लागत नाही, ते लगेच मारतही नाही. ती ते अंगावर घेऊन जाते आणि घासाबरोबर सगळ्यांना वाटते. सहकाराची एवढी किंमत महाराष्ट्रातसुद्धा कुणी मोजली नसेल. जवळ विहीर असेल तर मात्र हे औषध जपून, आणि अंदाजपंचे कालवून तर नाहीच.

काकांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. पोराने ड्रिल चालवलं, औषध भरलं, भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली आणि वॉरंटीचा कागद दिला. त्याच्या मागे बारीक अक्षरांत अट होती: जमीन खणल्यास, फरशी बदलल्यास किंवा गळती झाल्यास वॉरंटी रद्द. अट रास्त आहे, कारण मातीतला औषधाचा थर फुटला की तिथून वाट मोकळी. पण ती पनवेलमध्ये घालायची म्हणजे कमाल झाली. इथे आधी गॅसची लाइन, मग पाण्याची, मग केबल, आणि मग त्या तिघांनी काय बिघडवलं ते पाहायला चौथा खड्डा.

जुन्या पनवेलमधले वाडे बांधणाऱ्या सुतारांना हे औषध ठाऊक नव्हतं, पण लाकडाचा पाय मातीला लागू द्यायचा नाही हे पक्कं ठाऊक होतं. जोतं उंच, प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा आणि लाकूड सागाचं, तेही आतल्या गाभ्याचं. आपण चौकट दोन बोटं फरशीत गाडतो, प्लायचं कपाट ओल धरलेल्या भिंतीला चिकटवतो, वर सनमायका लावून बेसिनचा नळ ठिबकत ठेवतो. त्याआधी बिल्डरने शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावातच गाडलेले असतात. म्हणजे वाळवीला पायापासून ओट्यापर्यंत जेवणाची पंगत मांडून दिलेली. त्यातून बंद आणि अंधारं कपाट मिळालं तर ती पैशालाही नाही म्हणत नाही. २०११मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत एका सरकारी बँकेच्या शाखेतल्या सुमारे १ कोटीच्या नोटा तिने फस्त केल्या. नोटाबंदीच्या पाच वर्षं आधी.

तरी आपण तिचे उपकारही घेतच असतो. आषाढ-श्रावणात आदिवासी बाया पनवेलच्या बाजारात रानअळंबी घेऊन बसतात. वारुळावर उगवणारी अळंबी म्हणजे वाळवीने जमिनीखाली केलेल्या बुरशीच्या शेतीचं पीक. ती आपण भाव न करता घेतो. नागपंचमीला वारुळाला हळदकुंकू वाहतो, लाह्या ठेवतो. घर बांधलं वाळवीने, नाग तिथला भाडेकरू, तोही लीव्ह अँड लायसन्सशिवाय घुसलेला. पूजा मात्र भाडेकरूची.

सभेचा वृत्तांत पुढीलप्रमाणे. वाळवीचा प्रश्न गांभीर्याने घ्यावा असा ठराव बिनविरोध मंजूर झाला. तीन कोटेशनं मागवावीत असं ठरलं. पाऊस संपेपर्यंत थांबावं असंही ठरलं, आणि उपसमिती नेमली गेली, तिच्यात काकांना घेतलं नाही, कारण त्यांचा हितसंबंध होता.

दिवाळीच्या साफसफाईत चौथ्या मजल्यावरच्या सभासदांनी स्वयंपाकघरातला सिंकखालचा खण ओढला, तेव्हा तळाचं प्लाय खणाबरोबर न येता खालीच राहिलं. मातीची नळी पाइपांच्या डक्टमधून वर आली होती. त्याच रात्री त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून लिहिलं: डक्ट सामाईक आहे, सोसायटीने ताबडतोब लक्ष घालावं.