गठ्ठेमास्तर

दुसऱ्याचं टेबल आवरायला ज्यांचे हात शिवशिवतात, ती माणसं नेमकी आपल्या घाईच्या वेळी उगवतात. आमच्या पंचायत समितीत हा मान गठ्ठेमास्तरांचा. मी कपाळाला आठ्या घालून टिपणी लिहीत असलो की मागून आवाज यायचाच, "हा कागद कुठल्या वर्गातला?"

सहा गठ्ठा पद्धत सरकारी माणसाला सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: प्रलंबित प्रकरणं पहिल्या गठ्ठ्यात, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी, म्हणजे प्रतीक्षाधीन, दुसऱ्यात, ठरावीक मुदतीनं पाठवायची नियतकालिकं तिसऱ्यात, स्थायी आदेश चौथ्यात, अभिलेख कक्षात धाडायचे कागद पाचव्यात आणि नष्ट करायचे सहाव्यात. शिवाय प्रत्येक कागदाचं आयुष्य ठरलेलं. अ वर्ग कायमचा, ब 30 वर्षं, क 10 आणि ड फक्त 1. पद्धत खरोखर चांगली आहे. ती कागदांपुरतीच आहे, एवढंच मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी अख्ख्या जगाची वर्गवारी करून टाकली होती. डब्यातली वांग्याची भाजी ड. लग्नाची पत्रिका ड, पण आहेराची यादी ब, कारण परतफेड करायची असते. गृहकर्जही ब. "मास्तर, वीसच वर्षांचं आहे हो," म्हटलं तर, "क मध्ये मावत नाही ना? मग वरच्यात धरायचं." एका सहकाऱ्यानं मेहुण्याशी बोलणं बंद झाल्याचं सांगितलं, तेव्हा सगळे हळहळत असताना मास्तरांनी विचारलं, "प्रलंबित, की प्रतीक्षाधीन?" नवे गटविकास अधिकारी रुजू झाले त्या दिवशी पुष्पगुच्छ हातात धरून ते माझ्या कानात म्हणाले, "नियमानं क. आमदारांशी पटलं नाही तर ड." त्यांना हळू बोलता येत नसे. साहेबांनी पुष्पगुच्छ जरा जपूनच घेतला.

माझ्या टेबलावर पसारा असायचा, कबूल. पण त्यात मला सापडायचं. चहाचा डाग पडलेल्या परिपत्रकाखाली घरकुलांची यादी, त्याखाली पाणीटंचाईचे प्रस्ताव, असा माझा नकाशा होता. रजेवरून परतलो तर टेबल आरशासारखं लखलखीत आणि टंचाईचे प्रस्ताव नियतकालिकांच्या गठ्ठ्यात! मी भडकलो. मास्तर थंडपणे म्हणाले, "टंचाई दर उन्हाळ्यात येते ना? मग नियतकालिकच की." यावर काय बोलणार? इतकं खरं वाक्य आमच्या कुठल्याच अहवालात नव्हतं.

2005 च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्यानं फाईल एका माणसाकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. मास्तरांनी हे फारच मनावर घेतलं होतं. सहाव्या दिवशी ती 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन पलीकडच्या टेबलावर जायची आणि तिथून तसाच शेरा घेऊन तिसरीकडे. टेबलं रिकामी आणि फाईल फिरतीवर. तपासणीच्या आदल्या दिवशी तर त्यांचा सणच. लाल फडकी, सुतळी, चिकटवायच्या पट्ट्या! एका वर्षी टेबलं इतकी स्वच्छ झाली की तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "इथे काम कुठे चालतं?"

कधी वाटायचं, हा गृहस्थ पेशवाईत कारकून नव्हता हे बरं झालं. किराण्याचे हिशेब त्यानं ड वर्गात टाकले असते आणि इतिहास संशोधकांना नुसत्या लढायांवर भागवावं लागलं असतं.

मग एक निवृत्त शिक्षक आले. सेवापुस्तकातल्या एका जुन्या रजेची नोंद जुळेना, म्हणून निवृत्तिवेतन अडलेलं. मूळ अर्ज मिळाला असता तर प्रश्न सुटला असता. पण असला कागद एव्हाना नष्ट झालेला असणार, असं आम्ही सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं. मास्तर काही बोलले नाहीत. उठून अभिलेख कक्षात गेले आणि डोक्याला जळमटं लावून परतले. हातात तो अर्ज.

"हा तर ड वर्ग!" मी म्हणालो.

"चुकून राहिला असेल," ते म्हणाले आणि चोरी पकडल्यासारखे लाल झाले.

मी मुद्दाम जाऊन पाहिलं. कपाटामागे सहावे गठ्ठे भिंतीला लावून एकावर एक रचलेले. प्रत्येकावर वर्ष, विषय, दोरीची नीट गाठ. आयुष्यभर लोकांच्या कागदांवर ड लिहिणाऱ्या या माणसाच्या हातून एकही कपटा रद्दीत गेला नव्हता. एवढी वर्षं त्यांच्यावर चिडायची सवय झालेली. ती मोडायला मला फार जड गेलं.

मास्तर निवृत्त झाले, फायली संगणकात गेल्या. परवा ते आले होते, स्वतःच्या पेन्शनची चौकशी करायला.

"प्रतीक्षाधीन," मी खाली मान घालून सांगितलं.

"म्हणजे दुसरा गठ्ठा. बरोबर आहे," ते म्हणाले. तक्रार नाही. पण नजर माझ्या स्क्रीनवर गेली. तिथे 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल साहेबांचं', 'न्यू फोल्डर' अशी जत्रा भरलेली.

"यातलं ड कुठलं?"

"यात ड नसतं, मास्तर. सगळंच राहतं."

"सगळंच?" त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि माझ्या पसाऱ्याकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. मग खुर्ची ओढली.

"तरीपण, जरा सरका."