पीडीएफभाऊ

लग्नाला वर्ष होत आलं तरी नवरा अजून वर्धेच्या बॅचलर रोडवरच राहतो, यावर चौकातल्या पोरांनी करायचे तेवढे विनोद करून झाले आहेत. पीडीएफभाऊच्या कानापर्यंत त्यातला एकही पोचलेला नाही. त्याच्या कानात दिवसभर ती बिनवायरची बोंडं असतात, आणि त्यांतून न्यू जर्सीत बसलेली बायको विचारत असते, "लग्नाचा दाखला, तो नमुना ई, दोन्ही बाजूंनी स्कॅन केलास ना?"

त्याचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हा एक माणूस नाहीच. सेलूला असा एक सापडेल, पुलगावला सापडेल, आर्वीत तर नक्की. पूर्वी पोरगा अमेरिकेत असायचा आणि नवी नवरी इकडे व्हिसाची वाट पाहत सासूला भाजी निवडून द्यायची. आता मुली शिकल्या, कंपनीने त्यांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नेलं आणि भाजी निवडायला नवरा मागे राहिला. त्याच्या वाट्याला येतो तो एच-फोर, म्हणजे 'डिपेंडंट'. भाऊची आई अजून शेजारणींना सांगते, "बी-फार्म, डी-फार्म आयकलं होतं वो बाई, हे एच-फोर कोन्ती डिग्री हाय काय माहीत."

त्याचं लग्न हिंगणघाटला झालं. आम्ही जेवायला गेलो होतो. तो पुरावे गोळा करायला आला होता. पत्रिका दोन छापल्या होत्या. एक गणपतीची, मराठीतली, आपल्यासाठी. दुसरी इंग्रजी, पासपोर्टवरच्या स्पेलिंगची, वकिलातीसाठी. या दुसरीत 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' नव्हतं, पण गावाचा पिनकोड होता. सप्तपदीच्या चौथ्या पावलाला त्याने भटजींना हात केला आणि फोटोवाल्याला विचारलं, "दोघांचे चेहरे क्लिअर आले ना?" बायकोची सुट्टी मोजकी, म्हणून डोक्यातल्या अक्षता डोक्यातच असताना विवाह नोंदणीचा नमुना ड बाहेर निघाला. महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा आहे. तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्याची सहीही लागते. भटजी दक्षिणेची वाट पाहत होते, त्यांच्या हातात पेन आलं. "निळी शाई, गुरुजी, निळी," भाऊ अंतरपाटाच्या घडीवर फॉर्म टेकवून सांगत होता.

खरी लढाई पुढे सुरू झाली, ती नावाची. आधारवर डब्ल्यू, गुणपत्रिकेवर व्ही, आणि पासपोर्टावर बापाचं नाव पोराच्या नावाला चिकटलेलं. अमेरिकन फॉर्मच्या दृष्टीने ते सगळं मिळून पोराचंच नाव. रात्री अकराला तो माझ्या फाटकाशी उभा. त्याला धीर द्यावा म्हणून म्हटलं, अरे, तू कोण, सेवाग्रामचीसुद्धा हीच भानगड होती. मूळ गाव शेगाव. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला गेले आणि त्यांचं टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं. अखेर १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम करावं लागलं. भाऊचे डोळे चमकले. "म्हणजे काका, बापूंनी गावाचं गॅझेट केलं!" मग त्याने मलाच माहिती दिली. बायको राहते ते एडिसन, तेही आधी रॅरिटन होतं. विजेच्या दिव्यावाल्या एडिसनची प्रयोगशाळा तिथल्या मेन्लो पार्कमध्ये होती म्हणून १९५४ मध्ये नाव बदललं. दोन्हीकडची गावं नाव बदलून सुखी झाली, आपलं एक डब्ल्यू अडकलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात त्याने विचारलं, "काका, तुमचं लग्नाचं सर्टिफिकेट कुठं असतं?"

आमच्याकडे सर्टिफिकेट नाही. पितळी घागर आहे. तिच्या काठावर माझ्या सासऱ्यांचं नाव, मग 'यांजकडून', मग आमची दोघांची नावं आणि साल कोरलंय. त्याने घागर उलटीपालटी केली, टॉर्च मारला, तीन बाजूंनी फोटो काढले आणि गंभीरपणे म्हणाला, "चालू शकतं. सेकंडरी एव्हिडन्स." आमची ही तेव्हापासून घागर चिंचेने घासते आहे.

मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती मात्र त्याने बोंडं काढून ऐकली. लग्नाचा कागद दाखवल्याशिवाय बायकोला देशात घेत नाहीत, हे दुखणं आजचं नाही. १९१३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत, केप प्रांतात, न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे एका हिंदी माणसाच्या बायकोला देशात येऊ द्यायचं की नाही, असं प्रकरण आलं. निकाल असा लागला की ख्रिस्ती विधीने न झालेलं आणि सरकारी दप्तरात न नोंदलेलं लग्न कायद्याला मान्य नाही. म्हणजे एका सहीसरशी तिथल्या हजारो हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्याने बायकाच राहिल्या नाहीत. कस्तुरबा त्यावरूनच सत्याग्रहात उतरल्या. त्याच सप्टेंबरात त्यांना अटक झाली आणि तीन महिने सक्तमजुरी भोगावी लागली. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि आपली लग्नं लग्नं ठरली.

"म्हणजे बांकडेही नमुना ई नव्हता?" भाऊ हळूच म्हणाला. माझ्या मते, या पोराने इतिहासाचं इतक्या आपुलकीने केलेलं वाचन ते पहिलंच.

रविवारी तो सेवाग्रामला जाऊन आला. बा कुटी पाहिली, हात जोडले. पण जीव रमला तो टेलिफोनच्या खोक्यात. व्हाइसरॉय लिनलिथगोंनी गांधीजींशी बोलता यावं म्हणून आश्रमात फोन बसवला होता. "काका, मातीच्या घरात हॉटलाइन! अन् आपल्या घरी पक्क्या स्लॅबमध्ये रेंज नाही."

ही रेंज त्याच्या संसाराचा कणा आहे. हिवाळ्यात एडिसन आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. त्याने देवघरात वायफायचा दिवा लावलाय. बायको तिकडून सकाळी ऑफिसला निघताना बटण दाबते आणि इकडे संध्याकाळचं देवघर उजळतं. सुनेने सांजवात केली याचं आईला पहिल्या दिवशी कौतुक वाटलं. पण सुनेची एकदा रात्री झोपमोड झाली आणि आईच्या ऐन दुपारच्या डुलकीत देवघर तीनदा लागलं-विझलं, तेव्हा तिने मीठमोहऱ्या काढल्या. बोलणाऱ्या डबीशीही तिचं जमत नाही. "काहून वो, पानी येनार हाय काय आज?" असं विचारलं की ती बिचारी इंग्रजी गाणं लावते. आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, लाईन गेली की ही सगळी यंत्रं एकदम गप्प होतात आणि घरात एकटी आई बोलत राहते.

व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म त्याने अशाच लाईन जायच्या दिवसांत भरला. हा फॉर्म वीस मिनिटं हात न लावता ठेवला की मिटतो. भाऊने इन्व्हर्टर, त्यावर यूपीएस आणि त्यावर मोबाइलचा हॉटस्पॉट असा बंदोबस्त केला. फॉर्ममधले प्रश्न वाचून तो घाबरला. तुम्ही हेरगिरी करणार आहात काय? नरसंहारात भाग घेतला काय? तो शांतपणे 'नाही, नाही' करत गेला आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी अडला. मला फोन केला, "काका, आपला जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा, ते ठीक. पण कॉलेजात मी खर्रा खायचो. ते धरतात काय?" सुपारी, तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देणारा ठेलेवाला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नजरेत कोण, हे मला तरी सांगता येईना.

फोटोला पांढरी किंवा पांढुरकी पार्श्वभूमी हवी, चष्मा नको. २०१६ पासून चष्मा बंदच आहे. भाऊने आजोबांचं खादीचं धोतर भिंतीवर ताणलं. फोटो पारखणाऱ्या सॉफ्टवेअरने नापास केलं. त्याच्या मते खादी पांढरीही नव्हे, पांढुरकीही नव्हे. ज्या वर्धेने अख्ख्या देशाला खादी नेसवली, तिथे भाऊला शेवटी थर्मोकोलची शीट आणावी लागली.

समाजमाध्यमांवरची पाच वर्षांतली सगळी नावंही फॉर्म मागतो. त्यात त्याचं जुनं 'वर्धा का डॉन' निघालं. निघालं तर निघालं, कुलूप होतं. पण १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोरवाल्यांनीही खाती सर्वांना उघडी ठेवावीत असा आदेश आला. तपासणीपायी डिसेंबरातल्या कितीतरी मुलाखती पुढच्या वर्षात ढकलल्या गेल्या, त्यात याचीही गेली. अमेरिकन सरकारने डॉनकडे पाहिलं की नाही कोण जाणे, हिंगणघाटच्या सासऱ्यांनी मात्र एका रात्रीत पार तळापर्यंत पाहिलं आणि सकाळी फक्त एवढंच विचारलं, "जावईबापू, ती बुलेट कोनाची होती?"

मुलाखत लांबली त्या काळात आईने त्याला पोळ्या शिकवायला घेतल्या. एच-फोरवर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काहींना परवानगी मिळते, पण बायकोची ग्रीन कार्डची गाडी एका ठरावीक टप्प्यावर पोचल्यावर. हे तो कटिंगच्या दुकानातही आकृती काढून समजावतो. आईने सार काढलं, "म्हंजे ती कमावनार अन् तू रांधनार. मंग लाट." तव्यावर भाऊने तापमानाची बंदूक रोखली. दोनशे वीस अंशाला पोळी फुगते अशी नोंद केली. आई पाण्याचे चार थेंब तव्यावर शिंपडून तेच सांगत होती, पण तिच्याकडे स्क्रीनशॉट नव्हता. खरं सांगायचं तर त्याच्या पोळ्या आता बऱ्या होतात. रोज एक पोळी कॅमेऱ्यासमोर धरून तो ती उलटून दाखवतो आणि पलीकडे ती सँडविच खात हसते. हा त्यांचा रोजचा संसार. आम्ही दोघांनी पंगतीत एका पाटावर जेवून इतकं कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

अखेर मुंबईला मुलाखत. विदर्भाची बरीच मंडळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत जातात. आणि तिथे आत मोबाइल नेता येत नाही! पीडीएफभाऊला आयुष्यात पहिल्यांदा कागद छापावे लागले. झेरॉक्सवाल्याने दोन रिमं संपवली आणि वर गोरसपाकाचा पुडा भेट दिला. अल्बम, नमुना ई, व्हिसा आवृत्तीची पत्रिका आणि चौथ्या पावलाचा फोटो घेऊन तो खिडकीशी उभा राहिला. अधिकाऱ्याने विचारलं, लग्न कधी झालं? बायको काय करते? उत्तरं ऐकली, पासपोर्ट ठेवून घेतला, 'मंजूर' म्हणाला. फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो परतला तेव्हा गल्ली पेढे मागत होती आणि हा रुसून बसला होता. "निदान अल्बम तरी उघडायचा ना, काका." चार दिवस तो येईल त्याला अल्बम दाखवत होता. पाचव्या दिवशी नवा फोल्डर उघडला : आईचा व्हिजिटर व्हिसा. आईचं नाव चार कागदांवर चार प्रकारे निघालं, एकावर तर माहेरचंच. तो टेबलाशी बसून तिला फॉर्ममधले प्रश्न वाचून दाखवू लागला. हेरगिरी झाली, नरसंहार झाला. आई लाटणं थांबवून ऐकत होती. व्यसनाच्या प्रश्नावर तिने पदराआडची चंची अजून आत सरकवली.

"अन् पान-तंबाखूचं लिवा लागन काय रे त्यात?"