सातव्यापासून पुढे

पहिल्या भागाचं कौतुक सगळेच करतात. सातव्या भागाचं काय?

मालिका कुठलीही घ्या. सिनेमाची, कादंबऱ्यांची, व्हिडिओ गेमची. पहिले दोन-तीन भाग डोक्यावर घ्यायचे आणि पुढच्यांना ‘पाणी घातलेलं ताक’ म्हणून मोकळं व्हायचं. पण चव घेऊन पाहिली होती का?

मी पाहिली. गेले पंधरा दिवस रोज रात्री जेवणं आटोपली की तासभर टीव्हीसमोर बसतोय आणि ‘मेगा मॅन लीगसी कलेक्शन २’ खेळतोय. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये काढलेला हा संच. आत चार गेम. सातवा, आठवा, नववा, दहावा. म्हणजे नेमके तेच, ज्यांच्याबद्दल लोक ‘त्यानंतर मजा गेली’ असं म्हणतात.

मजा कुठेही गेलेली नाही. बघणारे उठून गेले होते.

ज्यांना हा गडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निळा चिलखती मुलगा, हाताच्या जागी तोफ. उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या, आठ यंत्रमानव हरवायचे. जो हरला त्याचं शस्त्र आपलं. मग ते शस्त्र कुणावर चालतं हे शोधायचं आणि शेवटी खलनायक डॉक्टर वायलीच्या किल्ल्यावर धडक. जपानात या मुलाचं नाव रॉकमन, बहिणीचं रोल. दोन्ही नावं जोडून वाचा.

पहिले सहा भाग १९८७ ते १९९३ या काळात फॅमिकॉम या एकाच यंत्रावर आले. त्याच यंत्राच्या नकला आपल्याकडे नव्वदीच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या गेल्या. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. आमच्या चाळीत मारिओ आणि काँट्रावर उड्या पडायच्या. मेगा मॅन फारसा कुणाच्या हाती लागला नाही.

आता नेमक्या दुखण्यावर बोट ठेवतो.

पहिल्या सहा भागांचा संच २०१५ मध्ये आला. तो डिजिटल इक्लिप्स या कंपनीनं केला होता आणि निगुतीनं केला होता. जुने गेम म्हणजे जपून ठेवायची चीज आहे, हे त्या लोकांना कळत होतं. गेम हवा तिथे थांबवून सेव्ह करता यायचा. शत्रूंची माहितीसुद्धा होती. दुसरा संच कॅपकॉमनं घरातच केला. सेव्ह करायचं तर ठरलेल्या टप्प्यांवरच. २०१८ मध्ये दोन्ही संच स्विच या यंत्रावर आले तेव्हा पहिल्याला चुकलेली उडी मागे फिरवून पुन्हा मारायची सोय मिळाली. दुसऱ्याला?

नाही मिळाली.

थोरल्यांना नवे कपडे आणि धाकट्यांना उतरलेले. घरात हे चालत नाही, मग संचात का चालावं?

त्याऐवजी दिलं काय, तर जादा चिलखत. ते चढवलं की मार निम्मा बसतो. छान! पण मेगा मॅनमध्ये माणूस गोळीनं मरतो कुठे? तो खड्ड्यात पडून मरतो आणि काट्यांवर पाय पडून मरतो. काट्याला चिलखत दिसत नाही.

सातवा भाग. १९९५, सुपर फॅमिकॉम हे पुढचं यंत्र. या गेमला सर्वात जास्त शिव्या बसल्या आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. झालं असं, की त्याच यंत्रावर १९९३ च्या डिसेंबरात ‘मेगा मॅन एक्स’ येऊन गेला होता. भिंत चढणारा, सुसाट पळणारा, नव्या दमाचा नायक. त्याच्यापुढे हा थोरला भाऊ जुन्याच चालीनं चालत आला. लोक म्हणाले, म्हातारा झाला.

आणि हा सातवा भाग किती दिवसांत तयार झाला? जेमतेम तीन महिन्यांत.

घाई दिसते, हे मी नाकारत नाही. माणसं पडद्यावर इतकी मोठी काढलीत की समोरून काय येतंय ते उशिरा दिसतं. आठही दरवाजे एकदम उघडत नाहीत, आधी चार आणि मग चार, म्हणून वाट निवडायची मोकळीक आटते. शेवटचा वायली तर छळ आहे. बशीसारख्या यानात बसून येतो, पाठलाग करणारे गोळे सोडतो आणि गायब होतो. मला तो अकरा रात्री हरवत होता. जादा चिलखतानिशी.

पण तीन महिन्यांत या लोकांनी काय काय पेरून ठेवलंय ते बघा. शेड मॅन नावाच्या वटवाघळी यंत्रमानवाची लेव्हल निवडताना एक बटण दाबून धरलं, की कॅपकॉमच्याच जुन्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ची चाल वाजते. त्याच शेड मॅनकडून मिळणारं शस्त्र आवाजाचं आहे. ते भिंतीवर आपटून परत येतं. परत आलेलं अंगावर झेललं की पुढचा वार दुप्पट जोरात. म्हणजे आधी भिंतीशी संवाद, मग शत्रूशी. हे घाईत सुचतं?

सुट्टीत आलेली माझी भाची एका रात्री शेजारी बसली होती. समोर स्लॅश मॅन, नखं परजत झेपावणारा. मी बर्फाचं शस्त्र काढलं आणि तो हवेतून खाली येतानाच गोठला.

“मामा, थिजला तो!” ती ओरडली. “अजून एकदा कर.”

तिला हा सातवा आहे की पहिला, याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

आठव्याबद्दल फार बोलणार नाही. १९९६ चं साल, मालिकेचं दहावं वर्ष, प्लेस्टेशनची चकाकी, मध्ये मध्ये कार्टूनपट. चित्रं आजही देखणी आहेत. इंग्रजी आवाज मात्र असह्य आहेत. मेगा मॅनला घडवणाऱ्या डॉक्टर लाइटच्या तोंडून त्याच्या जुन्या वैऱ्याचं नावसुद्धा धड निघत नाही. आणि ती बर्फावरची घसरगुंडी! उडी मार, उडी मार, घसर, घसर, असं एक आवाज ओरडत राहतो आणि आपण सांगितल्याबरहुकूम बटणं दाबत राहतो. चुकलं की खड्डा. खेळ म्हणजे हुकूम पाळणं असतं का?

याच गेमची सॅटर्न या यंत्रावरची आवृत्ती अधिक भरलेली होती. तिच्यात कट मॅन आणि वुड मॅन हे जुने गडी लपवून ठेवले होते. संचात कुठली घेतली? प्लेस्टेशनची.

तेच ‘रॉकमन आणि फोर्टे’चं. १९९८ साली, प्लेस्टेशनचा जमाना आलेला असताना, कंपनीनं जुन्या सुपर फॅमिकॉमसाठी काढलेला गेम. नवं यंत्र हाती नसलेल्या मुलांचा विचार करून. सातव्या-आठव्याच्याच पंगतीतला. त्याला या संचात पानच मांडलेलं नाही.

का नाही?

आणि आता नववा. इथे मात्र मी खुर्ची पुढे ओढतो.

बारा वर्षांचा खंड. साल २००८. जगभर गेममध्ये घामाचे थेंब मोजता येतील अशी चित्रं काढायची चढाओढ लागलेली. अशा वेळी कॅपकॉम आणि इंटी क्रिएट्स यांनी नववा भाग पुन्हा आठ-बिटी काढला. तेच मोजके रंग, तेच चौकोनी ठिपके. एवढ्यावर थांबले नाहीत. तिसऱ्या भागापासून असलेली घसरण काढली, चौथ्यापासून असलेली साठवून मारायची गोळी काढली. हातात राहिली उडी आणि साधी गोळी.

लोकांनी याला आठवणींचा धंदा म्हटलं. धंदा करणारा माणूस गिऱ्हाइकाच्या हातातलं काढून घेतो का?

सामान कमी केल्यावर रचनेला लपायला जागा राहत नाही, आणि नववा लपत नाही. काँक्रीट मॅनचं शस्त्र बघा. एक काँक्रीटचा गोळा सुटतो, आपटतो आणि तिथेच ठोकळा होऊन बसतो. शत्रूला लागला तर शस्त्र, उडीखाली आला तर पायरी. मग मॅग्मा मॅनच्या लेव्हलमध्ये वाट अडवणारा लाव्हाचा झोत येतो. मी तीनदा जळालो. चौथ्यांदा सहज म्हणून गोळा झाडला आणि झोत जागच्या जागी गोठून दगड झाला. त्या दगडावरून मी पलीकडे गेलो. कुणी सांगितलं नाही, बाण दाखवला नाही, आवाज ओरडला नाही. आठव्याच्या घसरगुंडीला याहून चोख उत्तर नाही.

जुन्या यंत्राला एका आडव्या रेषेत आठच चित्रं पेलायची. नववं आलं की सगळीच लुकलुकायची. नवव्या भागात ही लुकलुकसुद्धा हवी तर चालू करता येते. दोष होता तो. पण ज्यांनी त्या दोषासकट प्रेम केलं, त्यांच्यासाठी दोषही जपून ठेवला.

स्प्लॅश वुमन ही या मुख्य मालिकेतल्या हरवायच्या यंत्रमानवांमधली पहिली स्त्रीही इथलीच. यायला एकवीस वर्षं लागली. तेवढी लागायला नको होती.

आणि कथा? कामाला जुंपलेल्या यंत्रमानवांची मुदत संपते. ठरलेल्या तारखेला भंगारात जायचं. ते अजून धडधाकट आहेत, काम करू शकतात, पण कागदावर तारीख उलटलेली. वायली त्यांना एवढंच विचारतो, की तुम्हाला हे मान्य आहे का? मेगा मॅन त्यांच्याशी लढतो तेव्हा माझं मन प्रत्येक वेळी समोरच्याच्या बाजूनं असतं.

हे ज्यांनी लिहिलं त्यांच्याच कंपनीनं नऊ वर्षांनी उत्तरार्धाचे चार गेम एका पेटीत भरले आणि सेव्हची सोय तोकडी ठेवली. स्वतःचीच गोष्ट वाचायची राहून गेली.

एक गोष्ट बरी केली. नवव्या-दहाव्याचे जे तुकडे पूर्वी वेगळे पैसे मोजून घ्यावे लागत, ते इथे आतच आहेत. याचं श्रेय द्यायलाच हवं.

दहावा भाग २०१० च्या मार्चमधला. यंत्रमानवांना ताप येतो, रोबोएन्झा नावाचा. साथ पसरते, औषध अपुरं पडतं. आदल्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूनं शाळा आणि थिएटरं बंद पाडली होती, रस्त्यावर सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. तेव्हा हा गेम पुणेकर पोरांच्या हाती पडता तर त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं. आणि २०२० नंतर तर कुणालाच नको.

दहाव्यात एक सोपी पातळी आहे. ती निवडली की खड्ड्यांवर आणि काट्यांवर फळ्या येतात. गेम तोच, वाट तीच, फक्त पडायच्या जागी पाय ठेवायला आधार. नवख्याला नेमकं काय मारतं हे ओळखून दिलेली मदत. म्हणजे उत्तर २०१० मध्येच घरात तयार होतं. २०१७ मध्ये त्यांनी चिलखत वाटलं.

भाचीनं दहावा याच सोप्या पातळीवर सुरू केला. पहिल्या रात्री शीप मॅन, मेंढीसारखा दिसणारा, ढग होऊन विजा पाडणारा. तिला तो इतका आवडला की हरवल्यावर वाईट वाटलं. चौथ्या रात्री ती तिथवर पोचली, जिथे खुद्द मेगा मॅनच तापानं कोसळतो. रोल आजारी होती. तिच्या वाट्याचा एकच डोस होता, तो तिनं घेतलाच नव्हता. तो ती भावाला देते.

भाची पडद्याकडे बघत राहिली. पुढे जायचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं, तरी दाबलं नाही.

“मामा, तिनं आधीपासूनच ठेवून दिलं होतं?”

“हो.”

“मग तिचा ताप?”

मी म्हटलं, “पुढे जा, कळेल.”